तालीम : नटाच्या शिक्षणाविषयी



या व्याख्यानमालेसाठी विषय कळवा असं पत्र आलं तेव्हा कार्यकर्त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की मी बडोद्याच्या नाट्यपरंपरेबद्दल बोलेन. परंपरेवर बोलणं सोपं असतं आणि टाळ्याही हमखास मिळतात. पण गेली काही वर्षं मला या गावात परंपरेबद्दल कुणी विचारत नाही. विचारतात ते वेगळंच. लग्नात, देवळात, बँकेच्या रांगेत कुणी तरी बाजूला घेऊन म्हणतं, ‘काका, आमच्या नातीला नटी व्हायचंय म्हणते. कुठे शिकवायचं? मुंबईला पाठवू का?’ आजचं बोलणं या प्रश्नाबद्दल आहे. परंपरा येईल, पण या प्रश्नाच्या कामाला येईल तेवढीच.

सुरुवात मात्र आपल्याच गावातून करतो. २० फेब्रुवारी १९१९ या दिवशी बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. नाटककार राम गणेश गडकरी २३ जानेवारीलाच गेले होते. म्हणजे लेखकाने न पाहिलेला तो प्रयोग या गावाने पाहिला. सिंधू बालगंधर्व, सुधाकर गणपतराव बोडस. ही सगळी माहिती आपल्या घराघरांत आहे आणि तिचा अभिमानही आहे. मला त्यात एकच गोष्ट विचाराविशी वाटते. गणपतराव बोडस सुधाकर करायला शिकले कुठे? तेव्हा नाट्यशाळा नव्हती, शिबिर नव्हतं, पदविका नव्हती. तरीही पाच अंकांत एक हुशार, मानी वकील डोळ्यांदेखत कोसळतो हे प्रेक्षकाला पटेल असं करायची विद्या त्या माणसाकडे होती. ती कुठून आली?

ती तालमीतून आली. शब्द पहिलवानाच्या आखाड्यातला आणि गवयाच्या घरातला आहे, आणि तो नाटकवाल्यांनी उगाच उचललेला नाही. कंपनीत दाखल झालेल्या मुलाला आधी पुस्तक मिळत नसे, त्याची ‘नक्कल’ मिळे. म्हणजे नाटकातलं फक्त त्याचं भाषण उतरवून काढलेला कागद, आणि प्रत्येक भाषणाआधी समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोनचार शब्द. तेवढ्यावर पाठांतर करायचं. मग तालीममास्तर समोर बसून वाक्य म्हणून दाखवणार आणि मुलगा ते पुन्हा म्हणणार. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. आज कुणी असं शिकवलं तर आपण म्हणू, ही पोपटपंची झाली. काही कंपन्यांत ती तशी होतीही.

पण सगळीकडे तसं नव्हतं. गोविंद बल्लाळ देवल हे ‘शारदा’चे नाटककार म्हणून आपल्याला माहीत आहेत, पण त्यांच्या पिढीला ते तालीममास्तर म्हणून तितकेच माहीत होते. देवल बेळगावात शिकले, तिथेच त्यांचा अण्णासाहेब किर्लोस्करांशी संबंध आला. बेळगावकर मंडळींनी हे अभिमानाने सांगावं, सांगतातही. बोडस देवलांना गुरू मानत आणि ‘माझी भूमिका’ या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या घडणीची हकिकत लिहून ठेवली आहे. ज्यांना अभिनय शिकायचा आहे त्यांनी इंग्रजी पुस्तकं उघडण्याआधी ते वाचावं. देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मधला बोडसांचा फाल्गुनराव गाजला तो तोंड वेडंवाकडं करून नव्हे. संशयी माणसाला आपला संशय अगदी रास्त वाटत असतो, आणि तो जितका गंभीर होईल तितका प्रेक्षक हसतो. हे कळायला वाक्याचा अर्थ आधी कळावा लागतो. तो उलगडून देणं हेच तालीममास्तराचं खरं काम.

दुसरं उदाहरण शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींचं. शाळेची फारशी ओळख नसलेला हा नट आगरकरांच्या ‘विकारविलसित’मधला, म्हणजे हॅम्लेटच्या भाषांतरातला नायक करत असे आणि इंग्रजी शिकलेले लोक तो पाहायला गर्दी करत. या कंपनीला नाटकं समजावून द्यायला फर्ग्युसन कॉलेजातले प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर येत, ‘त्राटिका’ लिहिणारे. मला हे चित्र फार महत्त्वाचं वाटतं. साहित्याचा प्राध्यापक आणि नाटक कंपनीतला नट एका सतरंजीवर. आपल्या मंडळात आज साहित्य शाखा बुधवारी बसते आणि नाट्य शाखा शनिवारी, आणि दोघांचं एकमेकांशी काय नातं आहे ते इथे बसलेल्यांना ठाऊक आहे.

तालमीचे दोषही सांगायला हवेत, नाही तर स्मरणरंजन होईल. मुलं लहान वयात घर सोडून कंपनीत जात आणि आवाज फुटला किंवा अंग सुटलं की अनेकांचं नाट्यजीवन संपे. स्त्रियांना या विद्येचं दार बंद होतं. बालगंधर्वांची लुगडं नेसण्याची तऱ्हा घराघरांतल्या बायकांनी उचलली हे आपण कौतुकाने सांगतो, पण त्याच काळात अभिनय येणाऱ्या कितीतरी बायकांना रंगमंचाची पायरी चढता आली नाही, हे त्याच श्वासात सांगत नाही. आणि मास्तर बेताचा असला की पिढ्यान्‌पिढ्या त्याचा हातवारा तेवढा उतरत जाई, अर्थ मागेच राहून जाई.

१९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं, नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावरून वर्तकांनी लिहिलेलं. दिग्दर्शक होते के. नारायण काळे. या प्रयोगाने स्त्रीभूमिका स्त्रीने करणं, घरासारखं दिसणारं नेपथ्य, प्रेक्षकाकडे तोंड करून न फेकलेलं बोलणं, असं बरंच काही रूढ केलं. आपल्या आजच्या विषयाला काळे आणखी एका कारणाने जवळचे. स्टॅनिस्लाव्हस्कीचं नटाच्या शिक्षणावरचं पुस्तक त्यांनी ‘अभिनय साधना’ या नावाने मराठीत आणलं. शीर्षकात ‘साधना’ शब्द घालणं हा मला भाषांतरकाराचा मोठा निर्णय वाटतो. तालीम आणि साधना हे दोन्ही शब्द आपल्याकडे संगीतातून आले, आणि दोन्हींत रोज करण्याची गोष्ट अभिप्रेत आहे.

स्टॅनिस्लाव्हस्कीचं नाव आज प्रत्येक शिबिरात घेतलं जातं आणि बहुतेक वेळा चुकीच्या कारणासाठी. मुलं घरी येऊन सांगतात, ‘सरांनी सांगितलं, भूमिकेत शिरायचं.’ शिरायचं म्हणजे काय ते कुणी सांगत नाही. मग मुलगी मरणाचा प्रसंग करण्याआधी अर्धा तास कोपऱ्यात बसून आपल्या आजोबांचं जाणं आठवते, रडते, आणि प्रत्यक्ष प्रसंगात रडण्याने तिचं एकही वाक्य पहिल्या रांगेच्या पलीकडे जात नाही. मॉस्कोच्या या माणसाने १८९८ साली आर्ट थिएटर काढलं आणि १९३८ साली मरेपर्यंत स्वतःचंच म्हणणं तो तपासत राहिला. भावनेला थेट हाक मारली की ती पळते, हे त्याला पुरतं कळलं होतं. म्हणून त्याने दिलेली किल्ली अगदी छोटी आहे : ‘जर’. मी सुधाकर आहे असं मानायचं नाही. जर मी त्या परिस्थितीत असतो तर आत्ता, या क्षणी, काय केलं असतं? प्रश्न ‘काय वाटलं असतं’ असा नाही, ‘काय केलं असतं’ असा आहे. उत्तरार्धात तर तो कृतीवरच अधिकाधिक भर देत गेला.

हे मी ‘एकच प्याला’वरूनच दाखवतो, कारण आमच्या रविवारच्या वर्गात हाच धडा सर्वांत जास्त वेळा होतो.

मुलांना सांगावं, ‘दारू प्यालेला माणूस कर.’ वीसपैकी अठरा मुलं झोकांड्या खातात, जीभ जड करतात, डोळे अर्धे मिटतात. सिनेमात पाहिलेलं सगळं. मग त्यांना परिस्थिती द्यायची. तू वकील आहेस. बुद्धीचा तुला अभिमान आहे आणि तो खोटा नाही. कोर्टात अपमान झाला, उलट बोलून बसलास, सनद काही काळापुरती गेली. तुझा कारकून तळीराम म्हणाला, एक प्याला घे, बरं वाटेल. आयुष्यात प्रथमच घेतलीस. आता रात्र आहे. घरी बायको जागी आहे, तान्हं मूल झोपलंय. तुला एकच करायचंय : दाराची कडी आवाज न करता लावायची आणि कुणाला काही न कळता बिछान्यापर्यंत जायचं.

हा प्रसंग नाटकात असाच नाही, हा सरावासाठी रचलेला आहे. पण तो दिला की मुलगा पूर्ण बदलतो. झोकांड्या थांबतात. तो सरळ चालायचा प्रयत्न करतो, जरा जास्तच सरळ. कडीला हात लावण्याआधी एक क्षण थांबतो, अंतराचा अंदाज घेतो. कडी वाजते, तो गोठतो. प्रेक्षक म्हणून बसलेली मुलं हसत नाहीत, श्वास धरतात. प्यालेला माणूस न प्यालेल्याची नक्कल करत असतो, हे गुपित त्याला कुणी न सांगता कळतं. आणि गंमत म्हणजे त्याच्या चेहऱ्यावर शरम येते, जी आण असं त्याला कुणीच सांगितलेलं नव्हतं. ती कडीतून येते.

मग दुसऱ्या दिवशी तोच मुलगा तीच कडी, तोच थांबणं, तोच दचकणं करतो आणि सगळं मेलेलं असतं. इथे तालीममास्तर लागतो. काल जे आपोआप झालं ते रोज करता येणं म्हणजे नट होणं. गणपतराव बोडसांना सुधाकर एकदा करायचा नव्हता, गावोगाव, रात्रीमागून रात्र करायचा होता. स्टॅनिस्लाव्हस्की आणि देवल या ठिकाणी एकमेकांना ओळखतील असं मला वाटतं. दोघांचं म्हणणं, वाक्याखाली काय चाललंय ते शोध आणि मग ते पुन्हा पुन्हा कर.

आता ज्या भागासाठी मी मुख्यतः हे व्याख्यान घेतलं तिकडे येतो. भरताने अभिनय चार प्रकारचा सांगितला : आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. आजची शिबिरं आंगिकात रमतात. मुलं आरशाचा खेळ खेळतात, जमिनीवर लोळतात, झाड होतात. त्याला माझी ना नाही, अंग मोकळं व्हायलाच हवं. पण दहा दिवसांच्या शिबिरात एक अख्खं मराठी पान मोठ्याने वाचलं गेलं का, असं विचारलं तर उत्तर नसतं. डॉ. श्रीराम लागूंनी, जे स्वतः कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते आणि ज्यांनी १९७० साली ‘नटसम्राट’मधले बेलवलकर उभे केले, ‘वाचिक अभिनय’ या एकाच विषयाला वाहिलेलं पुस्तक लिहिलं. इतक्या मोठ्या नटाला लिहावंसं वाटलं ते वाचिकावर, याचा अर्थ आपण लावायला हवा.

आपली मुलं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, पण वाचत नाहीत. बोलण्यापुरती मराठी आणि रंगमंचाची मराठी यांत अंतर पडतं ते तीन ठिकाणी, आणि तिन्ही सरावाने भरून निघतात.

पहिलं ठिकाण च आणि ज. मराठीत यांचे दोन दोन उच्चार आहेत आणि लिपी ते दाखवत नाही. ‘चंद्र’मधला च वेगळा, ‘चांदणं’मधला वेगळा. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे कागदावर एकच दिसतात. कानाला दोन आहेत. गुजराती वातावरणात वाढलेलं मूल दोन्ही एकसारखे म्हणतं. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मुलांचा ळ हिंदीच्या संगतीने ल होतो, तो आपल्याकडे शाबूत असतो, कारण गुजरातीतही ळ आहे. प्रत्येक गावाची आपापली गळती.

दुसरं ठिकाण ‘च’ हा छोटा अव्यय. ‘तो आज आला.’ आता ‘तोच आज आला’, ‘तो आजच आला’, ‘तो आज आलाच’. तीन वाक्यं, तीन नाटकं. पहिल्यात दुसऱ्या कुणाची वाट पाहिली जात होती, दुसऱ्यात बहुधा कुणी तरी खोटं बोललंय, तिसऱ्यात कुणाची तरी पैज हरली. मुलांना हे खेळायला द्यावं. एका तासात त्यांना कळतं की जोर कुठे द्यायचा हे मराठी वाक्य स्वतःच सांगत असतं, आपण फक्त ऐकायचं.

तिसरं सगळ्यांत अवघड. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘मी हे घर सोडून जाणार नाही.’ हिंदीत ‘नहीं’ आधी येऊन जातो, मागून क्रियापदाचा आवाज बुडला तरी अर्थ वाचतो. हिंदी मालिका ऐकत वाढलेली मुलं वाक्याचा शेवट सोडून देतात, श्वास संपतो, ‘नाही’ घशातच राहतो. मागच्या रांगेला ऐकू येतं, ‘मी हे घर सोडून जाणार’. पुढचा अख्खा अंक प्रेक्षक गोंधळलेला. गडकऱ्यांची वाक्यं तर चारचार ओळींची. ती म्हणायची तर श्वास कुठे घ्यायचा हे पेन्सिलीने खुणा करून ठरवावं लागतं आणि शेवटच्या शब्दासाठी हवा शिल्लक ठेवावी लागते. कंपनीच्या नटांपुढे ध्वनिक्षेपक नव्हते, त्यांना हे पोटासाठी शिकावं लागलं. कॉलरला माइक लावला की हा अभ्यास नको, असं हल्ली मानतात. माइक आवाज मोठा करतो. बुडालेला ‘नाही’ तो वर काढत नाही.

याला जोडूनच एक दुखरी गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमची मुलं एका स्पर्धेत उतरली होती. प्रयोगानंतर परीक्षकांपैकी एकांनी सर्वांसमोर म्हटलं, ‘काम बरं आहे, पण भाषेला गुजराती वास येतो.’ आमच्या नायिकेने त्यानंतर सहा महिने मराठी नाटकात काम केलं नाही. गुजराती नाटकात केलं, आणि छान केलं. नाटक आपल्या घरातलंच होतं, सासर-माहेरचं, नाटकातली मंडळी बडोद्यातच राहणारी. त्यांनी पुण्याच्या पेठेतलं बोलावं अशी अपेक्षा का? वहीला चोपडी म्हणणारी आजी मराठीच असते.

माझं मत असं. नटाला प्रमाण मराठी यायलाच हवी, स्वच्छ, निर्दोष, वर सांगितलेल्या दोन्ही च-ज सकट. पण ती त्याने आहार्यासारखी वापरावी, अंगरखा घालावा तशी. राजवाड्यातला प्रसंग असेल तर घालावा, दांडिया बाजारातला असेल तर खुंटीला अडकवावा. घरच्या बोलीची लाज शिकवणारा शिक्षक नटाचं एक अख्खं दालन बंद करतो, कारण माणसाचा राग, लाड, भीती हे सगळं आधी घरच्या बोलीतच आलेलं असतं. सात्त्विक अभिनय म्हणतात तो तिथूनच उगवतो. काही पालकांना हे पटत नाही. ‘मुंबईत कोण घेईल मग?’ असं ते विचारतात. घेणारा दोन्ही येणाऱ्यालाच आधी घेतो, एवढंच सांगता येईल.

मुंबईचं निघालंच आहे तर त्या प्रश्नाला थोडक्यात उत्तर देतो. एक महिन्यात नट करून देतो, सोबत फोटोंचा संच आणि ओळखी, अशी जाहिरात करणाऱ्या ठिकाणी पैसे भरू नयेत. गंभीरपणे शिकायचं असेल तर पदवीनंतर दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे, तीन वर्षांचं. १९५९ साली ते सुरू झालं, आणि पुण्यात जन्मलेल्या इब्राहिम अल्काझींनी १९६२ ते १९७७ या काळात त्याला शिस्त दिली. रोहिणी हट्टंगडी तिथूनच आल्या. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, १९८७ पासूनचं. आणि लोक विसरतात ते म्हणजे आपलं स्वतःचं विद्यापीठ. १८८६ साली सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा निघाली, तिचंच रूप वाढत जाऊन आज तिथे नाट्यही शिकवलं जातं. घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. आपल्या मराठी घरांतून तिथे जाणारी मुलं हल्ली बोटांवर मोजण्याइतकी, हे मला समजत नाही.

विजया मेहता बडोद्यात जन्मल्या, १९३४ साली. हे वाक्य आपण प्रत्येक कार्यक्रमात म्हणतो. त्यांनी अल्काझी आणि आदी मर्झबान यांच्याकडे शिक्षण घेतलं, १९६० साली ‘रंगायन’ काढलं, आणि ब्रेख्तचं नाटक मराठीत करताना जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झसोबत काम केलं, ‘अजब न्याय वर्तुळाचा’. म्हणजे नाव झाल्यानंतरही त्या पुन्हा कुणासोबत शिकायला बसल्या. जन्मगावाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी त्यांच्या ‘झिम्मा’मधली ही पानं मुलांना वाचून दाखवली तर बरं होईल.

आणि जी मुलं कुठेच जाणार नाहीत, नोकरी करतील, संध्याकाळी आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात काम करतील, त्यांचं काय? संख्येने तीच जास्त आहेत आणि हौशी रंगभूमी त्यांच्यावर चालते. त्यांना एवढंच सांगतो : रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचा. सोमवारी देवल, मंगळवारी गडकरी, बुधवारी तेंडुलकर. देवल साध्या बोलण्यासाठी, गडकरी श्वासासाठी, तेंडुलकर त्यांच्या टिंबांसाठी, म्हणजे जिथे पात्र बोलता बोलता थांबतं त्या जागांसाठी. उरलेल्या दिवसांत घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला एखादी जुनी हकिकत सांगायला लावा आणि ती त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच थांब्यांसकट म्हणून बघा. हीसुद्धा नक्कलच, पण कुठे श्वास घेतला आणि का घेतला हे शोधत केलेली.

मंडळाच्या वाचनालयात रविवारी सकाळी नऊ वाजता हे सगळं आम्ही करतो. वयाची अट नाही. मागच्या महिन्यात एक निवृत्त पोस्टमास्तर आले, त्यांचा तळीराम ऐकण्यासारखा आहे. ‘एकच प्याला’च्या पहिल्या अंकाच्या नकला मी जुन्या पद्धतीने हाताने उतरवून आणल्या आहेत, शेवटच्या शब्दांच्या खुणांसकट. सुधाकराची अजून कुणी घेतलेली नाही. कार्यक्रम संपल्यावर त्या दाराजवळच्या टेबलावर असतील.